खुंटीवरची नारिंगी टोपी

७ जानेवारी, मंगळवार

माझ्या नवऱ्याचं, वेनचं म्हणणं, जेवताना रोज मला जे ऐकवतेस ते लिहून काढत जा, म्हणजे मला निदान बटाटे तरी गरम खाता येतील. म्हणून ही वही. बँकेनं नव्या वर्षाला फुकट दिलेली आहे, वाया गेली तरी दुःख नाही.

आज ब्रिजेटच्या परवान्याचा केक कापला. नव्या वर्षापासून आमच्या राज्यात कायदा लागू झाला: रेडिऑलॉजिस्टच्या सहायकांना आता सरकारी परवाना. म्हणजे डिसेंबरपर्यंत ती नुसती सहायक होती, आता परवानाधारक सहायक आहे. फरक एवढाच की भिंतीवर एक चौकट वाढली आणि गावच्या साप्ताहिकात तिचा फोटो आला. सव्वीस वर्षं मी रुग्णालयाच्या याच विभागात एक्स-रे काढतेय. गावातल्या निम्म्या लोकांच्या बरगड्या मला तोंडपाठ आहेत. माझं प्रमाणपत्र कपाटामागे आहे. तिथं ते भिंतीची भेग झाकतं.

ब्रिजेटला टेबलावर माणूस कसा झोपवायचा हे मी शिकवलं. पहिल्या आठवड्यात तिनं एका बाईचा डावा हात सोडून उजव्याचा फोटो काढला होता. हे केकवर लिहिलं नव्हतं.

कायदा मी शब्दन् शब्द वाचला. ब्रिजेटनं सांध्यात सुई घालायची, बेरियम पाजून गिळणं तपासायचं, आणि पडद्यावर काय दिसतं ते डॉक्टरांना सांगायचं. दिसतं तेवढंच. त्याचा अर्थ काय, हे बोलायचं नाही. तो हक्क डॉक्टरांचा. आणि ती सुई हातात घेऊन उभी असेल तेव्हा डॉक्टर खोलीत नसले तरी चालेल, पण इमारतीत हवेत आणि हाक मारताच यायला हवेत.

आमच्याकडे डॉक्टर हेल्विग इमारतीत आहेत की नाहीत हे कळायला सतरा वर्षं एकच खूण आहे: त्यांची शिकारीची नारिंगी टोपी. फोटो वाचायच्या अंधाऱ्या खोलीत ती खुंटीवर असली की डॉक्टर आहेत, नसली की घरी गेले. ती खुंटी फक्त माझ्या काचेतून दिसते. त्यामुळे सगळे मलाच विचारतात, "कॉरीन, डॉक्टर आहेत का?"

मी लिंबाच्या वड्या करून नेल्या होत्या. कोपऱ्यातली वडी डॉक्टरांची, हे ठरलेलं. आज म्हणाले, "नको कॉरीन. हल्ली काहीही खाल्लं तरी नाणं चोखल्यासारखं लागतं." सतरा वर्षं नाही लागलं नाणं! ब्रिजेटच्या केकची बशी मात्र हातात धरून बसले होते.

उरलेल्या वड्या ब्रिजेट मुलांना म्हणून भांड्यासकट घेऊन गेली. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर माझं नाव आहे, हरवायचं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

भांडं आलं. आत तिच्या आईच्या हातचा रानचेरीचा मुरंबा, बरणीला फडक्याची टोपी. आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. काही नसलं तर दोन अंडी ठेवावीत, अगदीच नसलं तर एक सफरचंद. शेजारच्या बाईनं एकदा भांडं रिकामं पाठवलं, तर माझ्या आईनं चर्चमध्ये तिच्या बाकावर बसणं सोडलं ते सोडलंच.

मुरंबा चांगला आहे. चांगला असायची काही गरज नव्हती.

डॉक्टर आता खोलीतही निळी लोकरी टोपी घालून बसतात. हातानं विणलेली. टाके बघितले, ब्रिजेटच्या आईचे नाहीत, म्हणजे ब्रिजेटचे. शिवाय ते बारीक झालेत आणि गाल असे गुळगुळीत की जणू दाढी येतच नाही. पंचावन्नाव्या वर्षी पुरुष बारीक होतो तो एक तर मरायला टेकलेला असतो नाही तर प्रेमात पडलेला. आणि मरायला टेकलेला माणूस नवी टोपी घालत नाही.

फायली ठेवायला गेले तर दोघं कुजबुजत होती.

"मंगळवारचं जमेल ना तुम्हाला?" ती.

"तू आहेस म्हटल्यावर जमेल."

मला बघून ती म्हणाली, "अगं कॉरीन, काही हवं होतं?" जणू मी पाहुणी.

१७ जानेवारी

फ्रिजमध्ये आल्याच्या सोड्याच्या बाटल्या, वर ब्रिजेटच्या अक्षरात 'डॉ. हे.' सतरा वर्षांत माझ्या अक्षरात कधी कुठं 'डॉ. हे.' लिहिलेलं नाही. त्यांना पूर्ण नावच शोभतं असं मला वाटायचं.

स्वागतकक्षातल्या ग्लेंडाला हे सांगितलं. फक्त तिलाच. आणि स्वयंपाकघरातल्या दोघींना.

२१ जानेवारी, मंगळवार

आज ब्रिजेटनं तीन जणांना सुया दिल्या. खुंटीवर टोपी होती. मी फोटो दाखवायला आत गेले, तर खुर्ची रिकामी. पडदे चालू, कॉफी नाही, डॉक्टर नाहीत.

"कुठं गेले गं?"

"असतील इथंच," ब्रिजेट हातमोजे काढत म्हणाली. "फोन केला की येतात. हवेत का तुला?"

"मला कशाला हवेत?"

जेवायच्या सुट्टीत मुद्दाम बाहेर जाऊन वाहनतळ पाहिला. बर्फानं पापण्या चिकटतील अशी थंडी. डॉक्टरांचा लाल पिकअप ट्रक नव्हता. म्हणजे टोपी कामावर आणि माणूस दुसरीकडे. टोपीला परवाना दिलाय की काय सरकारनं?

२२ जानेवारी

वेन काल तळ्यावर होता. सहज म्हणाला, "तुझ्या डॉक्टरांचा ट्रक होता की बर्फावर. त्यांच्या मासेमारीच्या झोपडीजवळ. धुराडंही चालू होतं."

"काल? मंगळवारी?"

"हो. मासे लागत नाहीयेत हं पण यंदा."

माणसानं गोठलेल्या तळ्याला भोक पाडून बसायचं, आणि इकडे ब्रिजेटनं लोकांना भोकं पाडायची! दोघांचं संगनमत आहे. तो मासे पकडतो आणि ती डॉक्टर-डॉक्टर खेळते.

वेनला तसं म्हटलं. तो म्हणाला, "आत गेलो नव्हतो मी, कोरी. ट्रक दिसला, एवढंच."

२८ जानेवारी, मंगळवार

आज गडबड झाली. शाळेची बस चालवायचे ते लिंडाल, आता निवृत्त, खुब्याच्या तपासणीला आले होते. ब्रिजेटनं रंगाचं औषध टोचलं आणि त्यांच्या मानेवर लाल गांधी उठायला लागल्या. मग श्वास शिट्टीसारखा. ब्रिजेटनं फोन उचलला, "डॉक्टर, आत्ता या." मी औषधांचा ट्रे आणला, ऑक्सिजन लावला. मास्क बसतोय न बसतोय तोच डॉक्टर दारात. बाही वर दुमडलेली, दंडावर कापसाची पट्टी, तिच्याखालून रक्ताचा ओघळ कोपरापर्यंत. चेहरा पिठासारखा. त्यांनी स्वतः इंजेक्शन दिलं, लिंडालांचा हात धरून बसले. थोड्या वेळानं लिंडाल म्हणाले, "मला वाटलं बस घाटात बंद पडली." आम्ही सगळे हसलो.

जाताना डॉक्टर काय म्हणाले? "शाब्बास ब्रिजेट." ट्रे कुणी आणला? ट्रे काय चालत आला?

रक्त कसलं म्हणून विचार केला. चर्चच्या तळघरात या आठवड्यात रक्तदान आहे, तिथून आले असणार. लोकांना दाखवायला रक्तही देतात आता. ब्रिजेट त्यांच्या मागोमाग पळत गेली, कोपर धरून. सगळ्यांदेखत!

१ फेब्रुवारी

राज्याच्या क्ष-किरण परवाना मंडळाचं परिपत्रक सगळ्या तंत्रज्ञांना आलं. देखरेखीशिवाय काम होताना दिसलं तर कळवणं हे आपलं कर्तव्य आहे. नाव गुप्त राहील.

कर्तव्य शब्द मला आवडतो. त्यात माणसाला स्वतःचं काही नको असतं.

२ फेब्रुवारी

रविवारच्या जेवणात वेननं उगाच विषय काढला. "त्या सहायकाच्या शिक्षणासाठी डॉक्टरांनी आधी तुलाच विचारलं होतं ना? रुग्णालय फी भरणार होतं."

"विचारलं होतं. पण नीट विचारलं नव्हतं."

"म्हणजे कसं?"

"जिन्यात विचारलं. माणूस जिन्यात विचारतो तेव्हा त्याला 'नाही' ऐकायचं असतं."

वेननं आणखी बटाटे घेतले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

टोपी खुंटीवर. खुर्ची रिकामी. ट्रक नाही. वेनला तळ्यावर पाठवलं (त्याला काय, सांगायचीच खोटी). ट्रक बर्फावर. धूर.

संध्याकाळी संगणकावर मंडळाचा तक्रारीचा फॉर्म उघडला. लिहिलं: एकवीस जानेवारी आणि चार फेब्रुवारी या दिवशी पर्यवेक्षक डॉक्टर इमारतीत नव्हते, मासेमारी करत होते. खुंटीवर नारिंगी टोपी टांगून हजेरीचा देखावा केला जातो. रुग्णांच्या जिवाला धोका आहे. अठ्ठावीसचं लिहिलं नाही. त्या दिवशी ते योगायोगानं होते, आणि योगायोग तक्रारीत घालायचा नसतो. लिंडाल एवढ्यासाठी वाचले की रक्तदान जवळ होतं. हे नियमात बसतं का?

नावाच्या जागी 'एक हितचिंतक'. पाठवताना बोट जरा थांबलं. मग आठवलं, ती मला "काही हवं होतं?" म्हणाली होती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ब्रिजेटच्या धाकट्याचा वाढदिवस म्हणून तिनं स्वतःच मागितल्या, "लिंबाच्या वड्या देशील का गं? तुझ्यासारख्या कुणाला जमत नाहीत." भांडंभर दिल्या. तक्रार केली म्हणून माणसानं वड्या वाईट कराव्यात असं नाही. उलट साखर थोडी जास्तच पडली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज सगळं झालं. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी मंडळाच्या निरीक्षक आल्या, श्रीमती डाल्बर्ग. राजधानीहून स्वतःची गाडी चालवत, पायात बर्फाचे बूट, बरोबर घरचा डबा. मला वाटलं होतं कोणी चष्मा लावलेली खाष्ट येईल. ही तर आमच्यासारखीच निघाली. चौकशी होईपर्यंत ब्रिजेटनं सुईला हात लावायचा नाही, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. बाहेर सहा जण बसले होते. त्यांना आता शहरात पाठवायचं, जायला दोन तास, यायला दोन, त्यातही रस्ता उघडा असला तर. परवाना गेला तर कायमचंच. लिंडाल म्हणाले, "कोण शहाणा आहे तो तक्रार करणारा? त्यालाच घेऊन जायला सांगा मला." ग्लेंडा म्हणाली, शेजारच्या गावातल्या दवाखान्यातला कुणी असेल, जळका मेला. मी म्हटलं, "असेल."

आम्हाला चहाच्या खोलीत बसवलं: मी, ब्रिजेट, ग्लेंडा. निरीक्षकबाईंनी तक्रार मोठ्यानं वाचली. 'खुंटीवर नारिंगी टोपी टांगून' हे वाचलं तेव्हा ब्रिजेटनं मान वळवली. दारातून समोर माझी काच दिसते. ती आधी काचेकडे बघत राहिली, मग काचेपलीकडे खुंटी असते त्या बाजूला. पडद्यावरचा फोटो बघते तशी.

तेवढ्यात डॉक्टर आले. निरीक्षकबाई म्हणाल्या, "तुमच्याशी एकांतात बोलायचंय."

"सगळ्यांसमोर बोला. चार दिवसांत कळायचंच आहे." आणि त्यांनी निळी टोपी काढली.

डोक्यावर एक केस नव्हता. भुवयाही नव्हत्या, एवढे दिवस टोपी खाली ओढलेली असायची.

"मंगळवारी मी दुसऱ्या मजल्यावर असतो. खिडकीजवळची खुर्ची. कर्करोगाच्या डॉक्टर मंगळवारीच येतात शहरातून, म्हणून मंगळवार. औषध चढत असतं आणि मांडीवर संगणक असतो. ब्रिजेटला नोव्हेंबरपासून माहीत आहे, कारण कुणाला तरी माहीत असायला हवं होतं."

"आणि तळ्यावरचा ट्रक?"

"मेहुण्याकडे आहे. मला गाडी चालवायला बंदी, म्हणून बायको सोडते आणि ट्रक तो वापरतो. महिनाभर बसलाय गाढव त्या भोकापाशी, एक मासा नाही लागलेला."

ग्लेंडा रडत होती. मी त्यांच्या दंडाकडे बघत होते.

निरीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं. "इमारतीत होतात, हे मान्य. पण कायदा 'हाक मारताच' म्हणतो. दंडात सुई असलेला माणूस हाक मारताच येतो का? नसेल येत तर देखरेख नव्हती, आणि मग या बाईंचा परवाना मी ठेवू शकत नाही."

ब्रिजेटनं तोंड उघडलं.

"तुम्ही नाही. आणि डॉक्टर, तुम्हीही नाही. आणखी कुणी पाहिलंय?"

मी फ्रिजकडे पाहिलं. आत 'डॉ. हे.' लिहिलेल्या बाटल्या. अठ्ठावीस जानेवारीला त्या खोलीत चारच माणसं होती: हे दोघं, लिंडाल आणि मी. आणि लिंडालांचे डोळे पांढरे झाले होते.

"मी," मी म्हणाले.

"काय पाहिलंत ते सांगा. त्याचा अर्थ सांगू नका."

सांगितलं. लिंडालांना गांधी उठल्या. ब्रिजेटनं फोन केला. मी मास्क बांधत होते, तो बांधून व्हायच्या आत डॉक्टर आले. दंडावर पट्टी होती. तिच्याखालून रक्त येत होतं. त्यांनी इंजेक्शन दिलं. लिंडाल बोलायला लागले.

"रक्त कशाचं होतं?"

"तुम्ही अर्थ सांगू नका म्हणालात."

डॉक्टरच म्हणाले, "सुई उपटून आलो होतो. वरची नर्स अजून बोलत नाही माझ्याशी."

निरीक्षकबाईंनी फॉर्म उलटसुलट केला. "गंमत आहे. ज्यानं एकवीस आणि चार तारीख इतकी नीट लिहिली, त्यानं अठ्ठावीस लिहिलीच नाही."

"त्याला माहीत नसेल," ग्लेंडा नाक पुसत म्हणाली. "बाहेरचा आहे ना मेला."

ब्रिजेट माझ्याकडे बघत होती. मी टेबलावरच्या साखरेकडे.

२६ फेब्रुवारी

वेनला सगळं सांगितलं. माझा राग एकाच गोष्टीचा आहे: तिला सांगितलं, मला नाही. सतरा वर्षं कोपऱ्यातली वडी बाजूला काढून ठेवली मी. मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी काय गावभर करणार होते?

वेन कितीतरी वेळ चावत होता. घास इतका मोठा नव्हता.

५ मार्च

मंडळाचा निकाल आला. तक्रार बंद. मात्र औषध चढत असताना डॉक्टर पर्यवेक्षक धरले जाणार नाहीत. सुईची कामं यापुढे मंगळवारी नकोत, गुरुवारी करावीत. एवढंच. मंगळवारचा गुरुवार. हे कुणी मला आधी विचारलं असतं तर मीच सुचवलं असतं.

गाव डॉक्टरांच्या दारात जेवणाची भांडी घेऊन उभं आहे. त्यांची बायको म्हणे फळीवर जागा नाही म्हणून गॅरेजमध्ये ठेवतेय. मीही बटाट्याचं नेलं, वर कुरकुरीत तुकडे लावून. बायकोनं दारातच घेतलं. "खातील तेव्हा खातील. सध्या फक्त ब्रिजेटच्या आईचं आल्याचं सार पोटात राहतं." सार! त्यात काय असतं, पाणी आणि आलं.

निळी टोपी त्यांच्या बायकोनं विणलीय, हेही कळलं.

६ मार्च, गुरुवार

ब्रिजेटनं आज सहाही जणांचं काम केलं. टोपी खुंटीवर, डॉक्टर खुर्चीत. मला "सुप्रभात, कॉरीन" म्हणाली. सगळ्यांना म्हणते तसं. मी वाट बघत होते की आता बोलेल, आता काहीतरी म्हणेल. उत्तर तयार होतं माझ्याकडे. चार-पाच तयार होती.

११ मार्च, मंगळवार

दुपारी ग्लेंडानं विचारलं, "कॉरीन, डॉक्टर आहेत का?" मी काचेतून पाहिलं. खुंटीवर टोपी होती. म्हटलं, "टोपी आहे." एवढंच म्हटलं.

घरी निघताना माझ्या टेबलावर भांडं होतं. वाढदिवसाच्या वड्यांचं. घासून इतकं लख्ख केलेलं की मीसुद्धा कधी केलं नसेल. बुडाची जुनी पट्टी निघून गेली असावी, नवी लावली होती आणि तिच्यावर माझं नाव ब्रिजेटच्या नीट अक्षरात, पूर्ण, आडनावासकट.

झाकण उघडलं. रिकामं.

कागद वगैरे असेल म्हणून झाकणाची आतली बाजूही पाहिली. टेबलाखाली पाहिलं, एखादं सफरचंद गडगडलं असेल म्हणून. ब्रिजेट कोट घालून दारात होती.

"तुझं भांडं, कॉरीन," ती म्हणाली. "सांभाळून ने, बाहेर निसरडं आहे."

भांडं गाडीत बाजूच्या सीटवर ठेवलं. घरी येईपर्यंत प्रत्येक वळणावर त्याचं झाकण वाजत होतं.